बाययुरेट : खताच्या पोत्यावरील एका शब्दाचा अर्थ व उपयोग

महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्या नोकरीनें आम्हांस एक संवय लाविली, ती अशी कीं, कागदावर आलेला शब्द त्याचा अर्थ समजल्यावांचून पुढें जाऊं द्यावयाचा नाहीं. सातबाराच्या उताऱ्यांत 'पोटखराब' म्हणून एक लहानसा शब्द असतो. तो न वाचतां नुसतें एकूण क्षेत्र पाहून जो जमीन खरेदी करितो, त्यास नांगर घातल्यावर कळतें कीं, दहा गुंठे खडकाचेही पैसे आपण मोजले. युरियाच्या पोत्यावरही असाच एक शब्द असतो. तो 'बाययुरेट' हा होय. आम्हींही तो पुष्कळ वर्षें वाचला नाहीं, आणि त्याचा दंड आमच्या लिंबांच्या झाडांनीं भरला. तो प्रकार पुढें येईलच. आधीं शब्द समजून घेऊं.

१. पोत्यावर काय म्हटलेलें असतें

भारत सरकारच्या खत (नियंत्रण) आदेश, १९८५ यांत युरियाचीं जीं लक्षणें ठरविलीं आहेत, त्यांपैकीं तीन आंकडे शेतकऱ्यानें पाठ करण्याजोगे आहेत. एकूण नत्र कमींत कमी ४६ टक्के; ओलावा जास्तींत जास्त १ टक्का; आणि बाययुरेट जास्तींत जास्त १.५ टक्के. यांशिवाय दाण्याच्या आकाराचेंही एक लक्षण आहे.

येथें 'कमींत कमी' व 'जास्तींत जास्त' या शब्दांकडे नीट लक्ष द्यावें. नत्र हें धनकोचें येणें आहे, म्हणून तें याहून कमी नसावें, असा नियम. बाययुरेट ही घट आहे, म्हणून ती याहून अधिक नसावी, असा नियम. तेव्हां १.५ हा आंकडा त्या पोत्यांतील बाययुरेटचें माप नव्हे. ती केवळ हद्द आहे. एका पोत्यांत तें पाऊण टक्का असेल, दुसऱ्यांत सव्वा टक्का असेल. दोन्ही पोतीं कायदेशीरच. मात्र पोत्यावरून हा फरक कळत नाहीं.

हल्लीं युरियाचें पोतें ४५ किलोचें येतें. त्यांत ४६ टक्क्यांप्रमाणें नत्र २० किलो ७०० ग्रॅम. बाययुरेट हद्दीइतकें धरिलें, तर ६७५ ग्रॅम. पाऊण किलोलाही थोडें कमीच. परंतु विंचवाचा कांटाही लहानच असतो.

२. शब्दाची फोड

'युरिया' हा मूत्रांतील द्रव्याचा शब्द आहे. गोठ्यांतील गोमूत्राचें जें खत होतें, त्यांतील नत्राचा मोठा भाग याच द्रव्याचा. इ. स. १८२८ मध्यें फ्रीड्रिख व्होलर या जर्मन शास्त्रज्ञानें तें प्राण्यांच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेंत तयार करून दाखविलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुस्ताव वीडेमान या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञानें युरिया तापवून त्यापासून निघणाऱ्या एका निराळ्या द्रव्याचा अभ्यास केला. तेंच हें बाययुरेट. 'बाय' म्हणजे दोन. आपल्या 'द्वि' शब्दाचाच हा दूरचा भाऊबंद. युरियाचे दोन कण जोडून झालेलें, म्हणून बाययुरेट.

ही जोडणी कशी होते, तें हिशेबानें सांगतों. युरियाच्या एका कणाचें वजन ६० धरावें. दोन कणांचें १२०. उष्णतेनें हे दोन कण एकमेकांस जोडले जातात, तेव्हां त्यांतून अमोनियाचा एक कण, वजन १७, निसटून जातो. शेष राहतें १०३. हें १०३ वजनाचें द्रव्य म्हणजे बाययुरेट. अमोनिया म्हणजे तोच तिखट वायु, जो बंद गोठ्यांत सकाळीं नाकास झोंबतो.

आतां यांतील खुबी पाहा. युरियाच्या ६० भागांत नत्र २८ भाग, म्हणजे सुमारें ४६.६ टक्के. बाययुरेटच्या १०३ भागांत नत्र ४२ भाग, म्हणजे सुमारें ४०.८ टक्के. म्हणजे बाययुरेटमध्येंही नत्र आहे, आणि 'एकूण नत्र' मोजतांना तेंही मोजलें जातें. ओलावा सोडून शंभर किलो मालांत दीड किलो बाययुरेट आहे असें धरा. साडेअठ्ठ्याण्णव किलो युरियाचें नत्र सुमारें ४५.९ किलो व दीड किलो बाययुरेटचें सुमारें ०.६ किलो, बेरीज ४६.५ किलो. माल ४६ टक्क्यांच्या कसोटीस सहज उतरला. तात्पर्य, नत्राचा आंकडा पाहून बाययुरेट किती आहे, तें कळणार नाहीं. पोटखराब जशी एकूण क्षेत्रांत मिळालेली असते, तसेंच हें एकूण नत्रांत मिळालेलें असतें. म्हणून त्याचा रकाना निराळा ठेवावा लागतो.

३. कारखान्यांत तें कोठून येतें

आम्ही राहतों तें मानखुर्द तुर्भ्याच्या शेजारीं आहे. तुर्भें येथें भारतीय खत महामंडळाचा कारखाना १९६५ सालीं सुरूं झाला. १९७८ सालीं महामंडळाची विभागणी होऊन तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीकडे आला. तीच कंपनी पुढें रायगड जिल्ह्यांत थळ येथेंही युरिया करूं लागली. 'सुफला' व 'उज्ज्वला' हीं तिचीं नांवें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास अपरिचित नाहींत. तेव्हां हा शब्द विलायतेंतून आला असला, तरी त्याचें घर आमच्या शेजारींच आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

युरिया होतो तो असा. हवेंतील नत्र व इंधनांतून काढिलेला हायड्रोजन यांचा अमोनिया करितात. हें इंधन तुर्भ्यास प्रथम नाफ्था होतें. पुढें मुंबई हायच्या समुद्रांतील नैसर्गिक वायु आला. हा अमोनिया आणि त्याच कामांत निघणारा कार्बन डायऑक्साईड वायु यांस मोठ्या दाबाखालीं व सुमारें १८० अंश उष्णतेंत एकत्र कोंडिलें म्हणजे युरिया व पाणी तयार होतें. पाणी काढून टाकिल्यावांचून दाणा होणार नाहीं. म्हणून तो द्रव आटवावा लागतो.

येथें गुऱ्हाळाची आठवण करावी. उसाचा रस काहिलींत आटवितांना पाणी जाणें अवश्य असतें. परंतु काहील उतरविण्यास थोडा उशीर झाला कीं गूळ काळा पडतो. गुळव्याचें सारें कसब वेळ ओळखण्यांत. युरियाचेंही तसेंच आहे. युरिया सुमारें १३३ अंशांवर वितळतो. पाणी निघून गेल्यावर वितळलेला युरिया जितका अधिक वेळ तापत राहील, तितके अधिक कण जोडीनें बांधले जाऊन बाययुरेट वाढेल. अमोनिया भरपूर असेल, तोंवर ही जोडणी दबलेली राहते. आटवितांना अमोनिया उडून जातो, म्हणून धोका तेथेंच अधिक. याकरितां कारखान्यांत हवा ओढून घेऊन कमी दाबाखालीं आटवणी करितात, म्हणजे पाणी कमी उष्णतेंत व लवकर निघतें. मग तो वितळलेला युरिया उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून झारीसारख्या छिद्रांतून खालीं सोडितात. खालून हवा येत असते. थेंब पडतां पडतां गोठतो व साबुदाण्यासारखा दाणा तळाशीं जमतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक, बाययुरेट ही कोणी केलेली भेसळ नव्हे. ती प्रामाणिक कारखान्यांतही थोडी निपजणारच. प्रश्न केवळ किती, एवढाच. दुसरी, ती उष्णतेनें निपजते, ओलाव्यानें नव्हे. पोतें ओलसर जागीं राहून युरियाचीं ढेंकळें झालीं, म्हणून त्यांत बाययुरेट वाढलें असें समजूं नये. युरिया पाण्यांत टाकिला म्हणजे पाणी गार पडतें, म्हणून कोणी कोमट पाणी घेतात. त्यानेंही अपाय नाहीं. कोरडा युरिया मात्र विस्तवावर वितळवूं नये.

४. मातींत त्याचें काय होतें

जमिनींतून युरिया देणाऱ्यानें बाययुरेटची फारशी धास्ती घेण्याचें कारण नाहीं. मातींतील सूक्ष्म जंतु त्याचें हळूहळू विघटन करितात आणि त्यांतील नत्र पुढें पिकास मिळतें. युरियाचें विघटन थोड्या दिवसांत होतें, बाययुरेटचें होण्यास अधिक काळ लागतो, इतकाच भेद. भात, ऊस, ज्वारी यांस नेहमींच्या मानानें, ओलाव्यांत, मातींत मिसळून दिलेल्या युरियांत दीड टक्क्यापर्यंत बाययुरेट असलें, तरी पीक बिघडत नाहीं. आदेशांतील हद्द याच नेहमींच्या उपयोगास पुरेशी आहे.

अपवाद एक. पेरतांना बी आणि युरिया एकाच नळ्यांतून सोडूं नये. बियाशेजारीं युरिया विरघळला म्हणजे त्यांतून निघणारा अमोनिया कोंबास मारक होतो, आणि बाययुरेट त्यांत भर घालितें. खत बियाच्या बाजूस व थोडें खोल पडावें.

५. पानावर त्याचें काय होतें

पानाचा प्रकार निराळा. पानांत मातींतल्यासारखा जंतूंचा गोतावळा नाहीं. युरिया पानांत शिरला म्हणजे झाड तो पचवितें. बाययुरेट मात्र त्यास फार सावकाश पचतें, किंबहुना पचत नाहीं असेंच व्यवहारांत धरावें. तें पानांत राहतें आणि प्रथिनें बनण्याच्या कामांत अडथळा करितें. पुनः फवारलें कीं पहिल्यांत दुसरें मिळतें. हा सांठा पानाच्या शेंड्याकडे अधिक दिसून येतो. संत्रें, मोसंबी, लिंबू या वर्गांतील झाडें, तसेंच अननस व कॉफी, यांस हें विशेष सोसत नाहीं. काटोल-वरुडकडील संत्र्याच्या व जालन्याकडील मोसंबीच्या बागाइतदारांनीं हें आपल्यासाठीं लिहिलें आहे असें समजावें.

आमचा अनुभव असा. खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यांत आमची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे. तींत कागदी लिंबाचीं बावीस झाडें, अकरा-अकराच्या दोन ओळींत. सेवानिवृत्तीनंतर उत्साहाच्या भरांत आम्हीं विहिरीजवळच्या ओळीवर नेहमींच्या पोत्यांतील युरियाची दोन टक्क्यांची फवारणी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तीन वेळां केली. दुसरी ओळ दूर होती, पंपाची नळी तेथवर पोंचेना, म्हणून तिला त्याच पोत्यांतील युरिया आळ्यांतून दिला. शिमग्याच्या सुमारास पहिल्या ओळीचीं पानें शेंड्याकडून पिवळीं पडूं लागलीं. देंठाकडची बाजू हिरवी, शेंडा पिवळा. आम्हीं एका दुकानदारास पान दाखविलें. तो म्हणाला, लोह कमी पडलें. आम्हीं हिराकस आणून फवारली. पानें होतीं तशींच राहिलीं.

आमचे धाकटे बंधु शेतावर राहतात. शाळा त्यांनीं आमच्याहून कमी पाहिली, पण झाड अधिक पाहिलें आहे. ते म्हणाले, "दादा, माती एक, विहीर एक. लोह कमी असतें तर ती दुसरी ओळ हिरवी कां?" या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. जन्मभर दुसऱ्याच्या अर्जांतील विसंगति शोधणाऱ्या आम्हांस स्वतःच्या अकरा झाडांतील विसंगति दिसली नाहीं, याची लाज वाटली. दोन्ही ओळींत फरक होता तो केवळ एकच : एकीस खत मुळांतून गेलें, दुसरीस पानांतून. त्या दिवशीं आम्हीं पोतें उलगडून त्यावरील प्रत्येक शब्द वाचला, आणि बाययुरेट प्रथमच डोळ्यांत भरलें.

फवारणी थांबविली. पिवळीं झालेलीं पानें पुनः हिरवीं झालीं नाहींत. गळेपर्यंत पिवळींच राहिलीं. पावसाळ्यांत आलेली नवी पालवी मात्र स्वच्छ हिरवी आली. त्या सालीं त्या ओळीस फळ कमी लागलें, तें नुकसान आमचें आम्हीं सोसलें. त्या पोत्यांत बाययुरेट नेमकें किती होतें, तें आम्हीं तपासून घेतलें नव्हतें. म्हणून हा आमचा पुरावा परिस्थितीचा आहे, प्रयोगशाळेचा नव्हे, हेंही वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

अशा वेळीं पान वाचण्याच्या खुणा आम्हीं पुढें शिकलों, त्या येथें देतों. नत्र कमी असेल, तर जुनीं पानें सगळींच्या सगळीं फिकीं पडतात. लोह कमी असेल, तर कोंवळीं पानें पिवळीं व त्यांतील शिरा हिरव्या, अशी जाळी दिसते. फवारा कडक झाल्यामुळें पान भाजलें असेल, तर दोनचार दिवसांतच कडा तपकिरी होऊन वाळतात. बाययुरेटचा पिवळेपणा शेंड्यांकडून येतो, उशिरा दिसतो, आणि त्या पानावरून जात नाहीं.

६. फवाऱ्याचा हिशेब

दोन टक्क्यांचा फवारा म्हणजे शंभर लिटर पाण्यांत दोन किलो युरिया. युरियांत बाययुरेट दीड टक्का असल्यास त्या पाण्यांत तें ३० ग्रॅम जातें. तीन फवारण्यांत ९० ग्रॅम. तेंच ०.३ टक्क्याचा युरिया असेल, तर एका वेळीं ६ ग्रॅम व तीन वेळां मिळून १८ ग्रॅम. म्हणजे पहिल्या युरियाची एक फवारणी ही दुसऱ्याच्या पांच फवारण्यांबरोबर झाली. फळबागांवर फवारावयाच्या युरियांत बाययुरेट ०.३ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असावें, असें जें सांगतात त्याचें कारण हें.

कोणी म्हणतील, पाणी फडक्यांतून गाळून घेतलें तर? त्याचा उपयोग नाहीं. बाययुरेट थंड पाण्यांत युरियाहून पुष्कळ कमी विरघळतें हें खरें. पण शंभर लिटरांत तीस ग्रॅम इतकें अल्प प्रमाण पूर्ण विरघळतें, आणि विरघळलेलें द्रव्य फडक्यावर राहत नाहीं.

७. याच शब्दाचे आणखी दोन उपयोग

शब्द एकच असला, तरी प्रकरण पाहून त्याचा अर्थ घ्यावा लागतो. पिकाच्या पानांत जें विष, तें गुरांच्या खाद्यांत निराळें काम करितें. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांतील जंतु नत्रापासून प्रथिनें करूं शकतात. युरिया पोटांत गेला तर त्यांतून अमोनिया एकदम निघतो आणि मात्रा अधिक झाल्यास जनावर दगावतें. बाययुरेटमधून अमोनिया सावकाश निघतो, म्हणून अमेरिकेंत निकृष्ट चाऱ्यावरील गुरांस बाययुरेट खाद्यांत मिसळून देण्याची पद्धत पडली. यावरून कोणी खताचें पोतें गोठ्यांत नेऊं नये. त्या पोत्यांत बाययुरेट दीड टक्का असेल, बाकी बहुतेक युरियाच आहे.

दुसरा उपयोग मुलांच्या शाळेच्या पुस्तकांत आढळतो. 'बाययुरेट परीक्षा' म्हणून प्रथिनें ओळखण्याची एक रीत आहे. डाळीच्या किंवा अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या पाण्यांत कॉस्टिक सोडा व किंचित् मोरचूद घातला म्हणजे जांभळा रंग येतो. मोरचूद द्राक्षबागाइतदारास बोर्डो मिश्रणामुळें ओळखीचा आहेच. आतां या परीक्षेच्या नांवावरून डाळींत बाययुरेट असतें असें मात्र समजूं नये. बाययुरेट घेतलें असतां असाच जांभळा रंग येतो, म्हणून परीक्षेस त्याचें नांव पडलें, इतकेंच. आणि ही रीत घरीं युरियावर करून पोत्यांतील बाययुरेट मोजतां येईल, हीही आशा धरूं नये. टक्केवारी काढण्यास मोजमापाचीं उपकरणें लागतात, आणि कॉस्टिक सोडा हात भाजतो.

८. शेतकऱ्यानें काय करावें

नेहमींच्या पोत्यांतील युरिया जमिनींतून द्यावा. त्याची जागा ती. फळझाडांवर, विशेषतः लिंबूवर्गीय झाडांवर, तो फवारूं नये. फवारणीकरितां कमी बाययुरेटचा युरिया म्हणून कोणी माल विकीत असेल, तर तोंडच्या शब्दावर न जातां बाययुरेटचा आंकडा छापील किंवा लेखी मागावा. 'शुद्ध', 'उत्तम' हीं विशेषणें आंकडे नव्हेत. पानांतून नत्र द्यावयाचेंच असेल, तर पोटॅशियम नायट्रेट, ज्यास बाजारांत १३:०:४५ म्हणतात, त्यांत नत्र युरियारूप नसतें, म्हणून बाययुरेटचा प्रश्नच येत नाहीं. १९:१९:१९ सारख्या विद्राव्य खतांत मात्र नत्राचा मोठा भाग युरियारूप असूं शकतो. तेव्हां त्याच्या पोत्यावरील रकानाही वाचावा. मालाविषयीं संशय आल्यास पोतें संपण्यापूर्वीं कृषि खात्याच्या खत निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्यावी; नमुना घेण्याचा अधिकार त्यांस आहे. पोतें व पावती जपून ठेवावी. रिकाम्या पोत्याच्या गोणपाटावर धान्य वाळवितांना पुरावाही वाळून जातो, हें आमच्या कारकुनी अनुभवांतलें बोलणें आहे.

आणि सर्वांत सोपी गोष्ट : नवी फवारणी सर्व बागेवर एकदम करूं नये. एक ओळ कोरी ठेवावी. आमची नळी त्या दिवशीं आंखूड पडली नसती, तर बावीसही झाडें पिवळीं झालीं असतीं, आणि आमच्या बंधूंस तो प्रश्न विचारावयास हिरवी ओळच उरली नसती. आतां आम्ही नळी लांब असली, तरी एक ओळ सोडून देतों.